टाकीत भर किती घातली, ते सांगा

जहाजाच्या इंजिनाविषयी लिहिणारा माणूस ताम्हिणीत राहतो हे वाचून काहींना हसू येईल. समुद्र इथून दिसत नाही. पावसाळ्यात तर समोरचा डोंगरही दिसत नाही. पण माझी उमेदीची सगळी वर्षं इंजिन रूममध्ये गेली, शेवटची बरीचशी चीफ इंजिनिअर म्हणून, आणि निवृत्तीनंतर वडिलोपार्जित घराची कौलं शाकारून मी इथेच राहिलो. गावात मला ‘जहाजवाले काका’ म्हणतात. पाण्याच्या मोटरीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत काहीही बिघडलं की लोक विचारायला येतात. अलीकडे मात्र वेगळे प्रश्न येऊ लागलेत. हिंजवडीला नोकरी करणारी पोरं शनिवार-रविवार गावी येतात आणि डेटा सेंटरच्या गोष्टी करतात. त्यातल्या एकाने परवा विचारलं, “काका, ती कॉम्प्युटरची कपाटं थंड ठेवायला पाणी लागतं म्हणे. किती लागत असेल?”

मी त्याला म्हटलं, बाबा रे, हा प्रश्न अर्धाच आहे. यंत्रातून पाणी किती फिरतं हा एक आकडा आणि त्यातलं कायमचं संपतं किती हा दुसरा. मोठ्या जहाजावर पहिला आकडा डोळे फिरवणारा असतो. गोड्या पाण्याचा दुसरा आकडा मात्र एखाद्या बादलीत मावेल इतका लहान ठेवावा लागतो. जमिनीवर कारखाना असो, वीजकेंद्र असो की हे नवं डेटा सेंटर, आपल्यासमोर एकच काहीतरी मोघम आकडा ठेवला जातो आणि आपण मान डोलावतो. यापुढे आपण दुसऱ्या आकड्यासाठी हटून बसायला हवं, असं माझं मत आहे. ते कुठून आलं ते सांगायचं तर इंजिन रूममध्ये उतरावं लागेल.

मध्यम आकाराचं मालवाहू जहाज घ्या. त्याच्या मुख्य इंजिनाची ताकद साधारण दहा हजार किलोवॅट. उंची तीन मजली घराएवढी, फेरे मिनिटाला शंभराच्या आसपास. पूर्ण वेगाने चालवलं तर दिवसाला चाळीस टनांच्या घरात तेल पितं. हे मधलंच झालं; २००६ साली पाण्यात उतरलेल्या ‘एमा मर्स्क’ या कंटेनर जहाजाच्या चौदा सिलिंडरच्या इंजिनाची ताकद ८०,०८० किलोवॅट आहे. या इंजिनांइतकी तेलाची किंमत वसूल करणारी यंत्रं जगात फार नाहीत. तेलातल्या उष्णतेपैकी जवळपास निम्मी जहाज ढकलणारा पंखा फिरवायच्या कामी येते. उरलेली निम्मी कुठेतरी जायला हवी, आणि ती नीट गेली नाही तर पहिल्या निम्म्याचाही काही उपयोग नाही. सिलिंडरमध्ये तेल पेटतं तेव्हा वायूचं तापमान दीड हजार अंशांच्या वर जातं. भोवतीचं बीड आणि पोलाद तेवढी आच सोसू शकत नाही.

उरलेल्या निम्म्यातली मोठी वाटणी, एकूण उष्णतेचा साधारण चौथा हिस्सा, धुरांड्यातून जाते. त्यानंतरचा हिस्सा ऐकून कॉलेजची मुलंसुद्धा चकित होतात. तो सिलिंडरच्या भोवतीच्या पाण्याचा नसतो, आत घेतलेल्या हवेचा असतो. टर्बोचार्जर हवा इतकी दाबतो की ती दोनशे अंशांपर्यंत तापते. तापलेली हवा पसरते आणि तिच्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून ती सिलिंडरमध्ये जाण्याआधी चाळीस-पंचेचाळीस अंशांवर आणावी लागते. एकूण उष्णतेच्या पंधरा टक्क्यांहून थोडी जास्त या हवेतून काढली जाते. सिलिंडरभोवतीचं पाणी, ज्याला आम्ही जॅकेट वॉटर म्हणतो, ते फक्त पाच-सहा टक्के नेतं. वंगणाचं तेल तीन-चार टक्के.

त्या हवेच्या कूलरपाशी मला कायम घरची आठवण यायची. अरबी समुद्रावरची जुलैची दमट हवा आत घेतली, दाबली आणि गार केली की तिच्यातली वाफ धरून राहत नाही, पाणी होऊन खाली गळते. एका दिवसात दहा-पंधरा टन पाणी त्या कूलरच्या तळातून निघालेलं मी पाहिलं आहे. सह्याद्री हेच करतो: समुद्रावरून आलेली ओली हवा वर ढकलतो, ती गार होते आणि ताम्हिणीवर कोसळते. २०२४ च्या जुलैत इथे एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. मराठवाड्यातल्या कित्येक गावांना तेवढ्यात वर्ष काढावं लागतं. आणि तरीही आमच्या वाडीची विहीर एप्रिलच्या शेवटी तळ दाखवते, हेही इथेच नोंदवून ठेवतो. पुढे त्याचं काम आहे.

आता मुख्य गोष्ट. जहाजाच्या चारही बाजूंना फुकटचं पाणी आहे, तरी त्यातला एक थेंबही मोठ्या इंजिनाच्या सिलिंडरला लागू देत नाहीत. एके काळी लावत असत, आणि किनाऱ्यावरच्या लहान होड्यांच्या इंजिनांत आजही समुद्राचं पाणी थेट फिरवलेलं दिसेल. पण समुद्राचं पाणी पन्नास अंशांच्या पुढे गेलं की त्यातले क्षार धातूवर बसू लागतात. बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या गिझरची कॉइल ज्यांनी उघडून पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. क्षारांचा थर उष्णता अडवतो, धातू आतल्या आत तापतो आणि तडकतो. शिवाय मीठ लोखंड खातं ते वेगळंच.

म्हणून इंजिनात फिरतं ते गोडं पाणी, तेही गाळून ऊर्ध्वपातन केलेलं, आणि ते बंद चक्रात फिरतं. मधल्या जहाजावर हे पाणी असतं अवघं काही टन. पंप मात्र तासाला शंभर टनांच्या आसपास फिरवतो. म्हणजे तेच पाणी दिवसभर पुन्हा पुन्हा इंजिनात जातं आणि बाहेर येतं. आत शिरताना सत्तरच्या आसपास, बाहेर पडताना ऐंशी-पंचाऐंशी अंश. बाहेर आल्यावर ते आपली उष्णता दुसऱ्या एका गोड्या पाण्याच्या चक्राला देतं, ज्याचं तापमान छत्तीस अंशांवर धरलेलं असतं. हवेचा कूलर आणि वंगणाचा कूलर याच दुसऱ्या चक्रावर असतात. आणि हे दुसरं चक्र सेंट्रल कूलर नावाच्या एकाच ठिकाणी समुद्राला भेटतं. भेटतं म्हणजे मध्ये टायटॅनियमचे पातळ पत्रे असतात, एका अंगाला गोडं पाणी, दुसऱ्या अंगाला खारं. दोघांची सरमिसळ होत नाही. समुद्राचं पाणी तासाला चारशे टन वगैरे आत येतं, दहा-बारा अंशांनी तापतं आणि परत समुद्रात जातं.

मी नोकरीला लागलो तेव्हाच्या जुन्या सुल्झर इंजिनांत पिस्टनसुद्धा पाण्याने थंड करायचे. वर-खाली धावणाऱ्या पिस्टनमध्ये पाणी पोचवायला एकात एक सरकणाऱ्या नळ्या असत. त्या गळायला लागल्या आणि पाणी क्रँककेसच्या तेलात उतरलं की सगळ्यांच्या झोपा उडत. आता पिस्टनला तेलानेच थंड करतात. तेल पाण्याच्या निम्मीच उष्णता उचलतं, पण गळलं तर तेलातच गळतं. मला हा बदल फार शहाणपणाचा वाटतो.

त्या काही टन जॅकेट वॉटरची जी बडदास्त असते ती घरच्या जावयाचीही नसेल. त्यात नायट्राइट घालतात, म्हणजे धातूवर एक अतिपातळ थर राहतो आणि गंज धरत नाही. पूर्वी क्रोमेट घालत, ते विषारी म्हणून गेलं. दर आठवड्याला नमुना काढायचा, नायट्राइट किती, आम्लता किती, क्लोराइड किती ते पाहायचं. क्लोराइड वाढलं तर कुठेतरी समुद्र आत शिरलाय. नायट्राइट वरचेवर कमी होत असेल तर गळती आहे, नाहीतर ते खाणारे जिवाणू पाण्यात झाले आहेत. आणि या सगळ्यापेक्षा सोपी, कुठलंही रसायन न लागणारी खूण म्हणजे एक्सपान्शन टँक. इंजिनाच्या वर, उंचावर एक छोटी टाकी असते. तापलेलं पाणी फुगतं त्याला जागा हवी, हवेचे बुडबुडे निघायला वाट हवी आणि पंपाला वरून दाब हवा, म्हणून ती टाकी. तिच्या काचेवरची पातळी उतरली की तेवढं पाणी वरून भरायचं आणि लॉगबुकात लिहायचं. चांगल्या इंजिनाची भर आठवड्याला नगण्य असते.

एका जहाजावर रेवदंड्याचा एक मोटरमन, म्हणजे इंजिन रूममधला खलाशी, होता. शाळा फार झालेली नव्हती, पण वॉचवर, म्हणजे पाळीवर, आला की पहिल्यांदा शिडी चढून टाकी बघायचा. एका रात्री मला फोन केला, “साहेब, टाकी उतरतीय. भर घातली, परत उतरली. आणि काचेत पाणी नाचतंय.” सेकंड इंजिनिअरने आधी लॉगबुक पाहिलं. मागच्या काही वॉचच्या नोंदींत भर थोडी थोडी वाढत आली होती, पण प्रत्येकाने आपल्यापुरतीच लिहिली होती, एकत्र कोणी वाचली नव्हती. पाणी नाचतंय म्हणजे आत वायू शिरतोय. एकेका युनिटच्या, म्हणजे सिलिंडरच्या, पाण्याची व्हेंट उघडून पाहिली. एका युनिटची व्हेंट पाण्याबरोबर वायू थुंकत होती. त्या सिलिंडरच्या कव्हरला तडा गेला होता. जहाज भर समुद्रात थांबवून कव्हर बदललं. आणखी दोन-चार दिवस दुर्लक्ष झालं असतं तर सिलिंडरचं आतलं अस्तर, म्हणजे लायनरही गेला असता. सगळं जहाज वाचलं ते एका आकड्यावर: आज टाकीत भर किती घातली. हा आकडा मी जन्मभर विसरणार नाही, आणि या लेखातलं माझं सगळं भांडण त्याच्यासाठीच आहे.

दुसरी एक गोष्ट लोकांच्या गळी उतरवायला मला नेहमी वेळ लागतो. इंजिन जितकं गार तितकं बरं, असं मुळीच नाही. जॅकेटचं पाणी ऐंशीच्या वर मुद्दाम ठेवतात. जहाजाच्या तेलात गंधक असतं. ते जळून जो वायू होतो त्याची पाण्याच्या वाफेशी गाठ पडली आणि लायनरची भिंत पुरेशी गरम नसली, तर तिथे गंधकाम्लाचे थेंब धरतात आणि लायनर खाल्ला जातो. २००८ नंतर तेल वाचवायला जहाजं हळू चालवायची रीत पडली. इंजिनं कमी भारावर, म्हणून थंड राहू लागली आणि ही झीज एकदम वाढली. मग बनवणाऱ्यांना लायनरचा वरचा भाग जास्त गरम ठेवायच्या युक्त्या काढाव्या लागल्या. १ जानेवारी २०२० पासून तेलातलं गंधक अर्ध्या टक्क्यावर आणायचा आंतरराष्ट्रीय नियम आला तेव्हा हा जाच थोडा कमी झाला. थंड इंजिन सुरू करायचं असेल तर आधी पाणी गरम करून फिरवतात. बंद केल्यावरही पंप लगेच थांबवत नाहीत. अंगातली आच सावकाश निघून जाऊ देतात.

आमच्या घाटात मात्र उलटं चालतं. विळे-निजामपूरकडून भार भरून घाट चढलेला ट्रक आमच्या वळणावर येऊन उभा राहतो, बॉनेटमधून वाफ येत असते आणि क्लीनर धबधब्याखाली कॅन धरतो. बर्फासारखं पाणी तापलेल्या इंजिनात भसकन ओततो. मी धावत जाऊन हात धरतो. “दादा, झाकण उघडू नका, इंजिन जरा चालू राहू द्या, मग थोडं थोडं घाला.” काही ऐकतात. काही म्हणतात, “काका, माल पोचवायचाय.” हेड तडकला की तो माल आमच्याच गावात मुक्काम करतो.

आता त्या बंद चक्रातल्या गरम पाण्याचं पुढे काय होतं, ते पाहा. ऐंशी-पंचाऐंशी अंशांचं पाणी कूलरकडे न्यायच्या आधी ते एका पिंपासारख्या यंत्रातून जातं, त्याला फ्रेश वॉटर जनरेटर म्हणतात. त्या पिंपातली हवा खेचून काढलेली असते. दाब इतका कमी की समुद्राचं पाणी पंचेचाळीस-पन्नास अंशांवरच उकळतं. म्हणजे इंजिनाने फेकायला काढलेली उष्णता खाऱ्या पाण्याची वाफ करते, ती वाफ पुन्हा समुद्राच्याच पाण्याने गार करून गोडं पाणी मिळतं. दिवसाला वीस-पंचवीस टन. वीस-पंचवीस माणसांचं पिणं, आंघोळ, स्वयंपाक, बॉयलर, आणि एक्सपान्शन टँकमधली ती भर, सगळं यातून भागतं आणि उरतं. म्हणजे इंजिन आपल्याला लागणारं गोडं पाणी आपल्याच वाया जाणाऱ्या आचेवर तयार करतं. धुरांड्यातल्या उष्णतेवर वाफ होते, तिच्यावर जड तेल गरम राहतं. यातलं काहीही पर्यावरणाच्या प्रेमापोटी केलेलं नाही. गोडं पाणी बंदरात विकत घ्यावं लागतं, त्याचं वजन वाहावं लागतं, आणि वाटेत संपलं तर टँकर येत नाही. गरज होती म्हणून अक्कल आली.

समुद्राची बाजू मी घाईने सांगतो, कारण ती मुख्यतः कचऱ्याची गोष्ट आहे. पाणी जहाजाच्या तळातल्या सी चेस्ट नावाच्या कप्प्यातून आत येतं आणि स्ट्रेनरमधून गाळलं जातं. उथळ बंदरात तळाची वाट बंद करून वरच्या अंगाची उघडायची, नाहीतर चिखल ओढला जातो. जेलीफिशचे थवे आले की स्ट्रेनर बसलाच. आणि मुंबईबाहेर नांगर टाकून पहिल्या मोठ्या पावसात थांबलात तर दर वॉचला स्ट्रेनर उघडायची तयारी ठेवा: पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, वेफर्सची पाकिटं. पावसाळी रविवारी आमच्या घाटात गाड्यांची रांग लागते आणि धबधब्यात तीच पाकिटं सुटतात. पश्चिमेच्या अंगाचे ओढे कुंडलिकेला मिळतात, कुंडलिका रेवदंड्याला समुद्राला. पुढचं मला पाठ आहे.

समुद्राच्या बाजूची मोजमापं ठरवताना पाणी जास्तीत जास्त बत्तीस अंश असेल असं धरतात. इराणच्या आखातात उन्हाळ्यात ते त्याहून वर जातं. तिथे मी इंजिनाचा वेग उतरवून चालवला आहे, कारण छत्तीसवर धरायचं चक्र छत्तीसवर राहत नव्हतं. ज्यांना वाटतं की उष्णता फेकायला समुद्र अमर्याद आहे त्यांनी जुलैत तिथे एक वॉच करावा.

आता जमिनीवर येऊ. आमच्या मुळशी तालुक्याला पाण्याचं राजकारण नवं नाही. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह उभा केला. धरण झालंच. १९२७ पासून मुळा नदीचं पाणी बोगद्यातून आणि नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला पडतं, वीज करतं आणि कुंडलिकेत जातं. कोलाडला सकाळी राफ्टिंग चालतं ते याच सोडलेल्या पाण्यावर, आणि रोह्याचे कारखाने त्याच नदीच्या काठी आहेत. ते पाणी पुण्याकडे वळवावं ही मागणी अनेक वर्षं चालू आहे. म्हणजे मुळशीच्या एकेका थेंबावर आधीच दोन-तीन दावे आहेत, आणि त्यात आता थंड करण्याच्या पाण्याचा दावा मिळणार आहे.

जमिनीवर यंत्राची उष्णता फेकायच्या ढोबळ तीन रीती आहेत. तारापूरच्या अणुवीज केंद्रासारखं समुद्रकाठी बसा आणि समुद्र आतून वाहू द्या. डहाणूचं औष्णिक केंद्रही समुद्राच्याच पाण्यावर आहे. दुसरी रीत कूलिंग टॉवरची. इथे एक हिशेब समजून घ्यायला हवा. एक लिटर पाणी दहा अंशांनी तापलं तर साधारण बेचाळीस किलोज्यूल उष्णता नेतं. तेच लिटर वाफ होऊन उडालं तर चोवीसशे. पन्नासपटीहून जास्त. म्हणून टॉवर इतका कामसू असतो, आणि म्हणूनच तो इतका खर्चीक: ते लिटर परत येत नाही. तिसरी रीत कोरडी, म्हणजे रेडिएटर आणि पंखे. पाणी जवळजवळ लागत नाही, पण वीज जास्त लागते, आणि ती वीज कोळशाची असेल तर दुसऱ्या कुठल्या तरी गावातलं पाणी तिच्यासाठी उडालेलं असतं. त्यामुळे ‘आमचं सेंटर पाणी वापरत नाही’ एवढ्यावर मी टाळ्या वाजवणार नाही.

पाणी संपलं की काय होतं ते परळीने दाखवून दिलं आहे. २०१३ च्या दुष्काळात परळीचं औष्णिक केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं, २०१५ मध्ये पुन्हा तेच. कोळसा होता, माणसं होती, यंत्रं होती. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने नियम केला की जुन्या औष्णिक केंद्रांनी एका युनिट विजेमागे साडेतीन लिटरपेक्षा जास्त पाणी वापरू नये. २०१६ च्या वीजदर धोरणाने सांगितलं की मैलापाणी शुद्धीकरण केंद्राच्या पन्नास किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी ते शुद्ध केलेलं सांडपाणी वापरावं. कोराडीने ते आधीच सुरू केलं होतं. नागपूरचं सांडपाणी शुद्ध होऊन तिथे जातं. म्हणजे आपल्याकडे अक्कलही आहे आणि उदाहरणही. पुण्यात जपानच्या ‘जायका’ संस्थेच्या कर्जातून ११ शुद्धीकरण केंद्रं उभी राहत आहेत. त्यातलं पाणी नदीत सोडण्याआधी थंड करणाऱ्यांच्या दारात का नेऊ नये? कूलिंग टॉवरला मुळशीचं पाणी कशाला हवं?

पण माझा मोठा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे, तो वाया जाणाऱ्या आचेवर. मुळशीच्या काठी रिसॉर्ट उभी राहिली आहेत. त्यातल्या एकाने मला जनरेटर बघायला बोलावलं होतं. पावसाळ्यात इथे वीज किती वेळ असते ते सांगायला नको. रात्र रात्र जनरेटर चालतो. त्याचा रेडिएटर गरम हवेचा झोत बाहेर सोडत होता आणि भिंतीच्या पलीकडे पाहुण्यांच्या आंघोळीसाठी सरपणाचा बंब धडधडत होता. मी मालकांना म्हटलं, “अहो, हे दोघं शेजारी आहेत, त्यांची ओळख करून द्या.” एक उष्णता विनिमयाचं यंत्र, एक पंप, थोड्या नळ्या. जहाजावरचा फोर्थ इंजिनिअर दोन दिवसांत जोडेल. मालक म्हणाले, “काका, सरपण स्वस्त पडतं.” सरपण आमच्या डोंगरातलं, त्यामुळे स्वस्त पडणारच.

लोक मला म्हणतात, जहाजाची गोष्ट वेगळी, त्याला समुद्र आहे. खरं आहे. उष्णता टाकायला जहाजाला समुद्र आहे आणि आम्हाला नाही. पण गोड्या पाण्याच्या बाबतीत जहाज आमच्याहून गरीब आहे, आणि म्हणूनच त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे. एप्रिलमधली आमची वाडी आणि हिंदी महासागराच्या मध्यावरचं जहाज यांची पाण्याची स्थिती एकसारखीच असते. भोवती भरपूर, प्यायला मोजकं. फरक एवढाच की जहाजावर कोणीतरी रोज शिडी चढून टाकी बघतो.

पुण्यात या विषयाचे जाणकार कमी नाहीत. नौदलाने २ एप्रिल २०२५ रोजी पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सला सहा मेगावॅटचं सागरी डिझेल इंजिन देशातच आखून बनवायचं काम दिलं. खर्च २७० कोटी, त्यातला सत्तर टक्के सरकारचा. तळेगावजवळ इंदोरीला तोलानी मॅरिटाइम इन्स्टिट्यूटमध्ये पोरं याच कूलरांच्या आकृत्या काढायला शिकतात. म्हणजे उष्णतेचा हिशेब कळणारी माणसं मुळशीपासून तास-दोन तासांच्या अंतरावर आहेत. डेटा सेंटरला किंवा नव्या कारखान्याला पाणी मंजूर करताना समितीत असा एक माणूस बसवायला काय हरकत आहे? पाटबंधाऱ्यातले साहेब धरणाचा हिशेब उत्तम करतात; यंत्राच्या आतला हिशेब हा वेगळा धंदा आहे.

आणि मंजुरीत माझी एकच अट घाला. थंड करण्याच्या चक्रात बाहेरून जी भर घालावी लागते तिच्या नळावर वेगळा मीटर बसवा. पिण्याचा वेगळा, बागेचा वेगळा, भरीचा वेगळा. त्याचा आकडा महिन्यागणिक फाटकावर लावा. वर्षाची सरासरी मला नको. ताम्हिणीत वर्षाची सरासरी काढली तर आम्ही देशातले सर्वांत सुखी लोक ठरतो. एप्रिलचा आकडा वेगळा, मेचा वेगळा. शेजारी लिहा, ही भर नदीची की शुद्ध केलेल्या सांडपाण्याची. आणि तिसऱ्या ओळीत, फेकलेल्या उष्णतेतली किती कुठल्या कामाला लावली. एवढ्या तीन ओळी. लबाडी करायची असेल तर तीन ओळींतही करता येते, हे मला माहीत आहे, पण लॉगबुकातली लबाडी टाकी फार दिवस लपवू देत नाही. भर हळूहळू वाढत गेलेली दिसली की विचारायला ग्रामपंचायतीतून कोणी ना कोणी जाईलच. कोणी नाही गेलं तर मी जाईन, गुडघे दुखतात तरी.

त्या हिंजवडीच्या पोराला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “काका, कंपनी म्हणेल हे आमचं गुपित आहे.” मी म्हटलं, तुमचे कॉम्प्युटर काय करतात ते ठेवा गुपित. पाणी आमचं आहे, त्याचा हिशेब दाखवा.